पावतीच्या पाठीवर एक नकाशा

प्रति,
मा. नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक,
माथेरान नगरपरिषद, माथेरान, ता. कर्जत, जि. रायगड



रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास दस्तुरी नाक्यावर जे दिसतं ते आपण सगळे नेहमी बघता. नेरळहून आलेल्या टॅक्स्या रिकाम्या होतात. आजी, नातवंडं, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, एखाद्या बॅगेचं तुटलेलं चाक. प्रवासी कराच्या खिडकीशी रांग लागते, पैसे दिले की हातात पावती येते आणि ती चुरगळून खिशात जाते. मग प्रत्येक कुटुंबाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: पॉइंट किती लांब? जो पहिला भेटेल तो उत्तर देतो. कुणी सात पॉइंट सांगतो, कुणी बारा. दिवस त्या आकड्यावर ठरतो. दुपारी चारला हीच माणसं चिक्कीची पाकिटं आणि चामडी चपला घेऊन परत दस्तुरीवर उभी असतात. एको पॉइंटला हाक मारून झालेली असते, शार्लोट तलाव बघून झालेला असतो, बाजार दोनदा झालेला असतो. रान मात्र राहून गेलेलं असतं, आणि ते राहून गेलं हे त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

या पत्रातली मागणी लहान आहे. त्या पावतीच्या पाठीवर माथेरानचा पायी फिरायचा नकाशा छापावा, मराठीत, वेळेसकट.

मागणी लहान असली तरी तिच्यामागचा विचार माथेरानच्या मुळाशी जातो. ज्या गावात दस्तुरीच्या पुढे खासगी मोटार जात नाही असं थंड हवेचं ठिकाण देशात दुसरं शोधावं लागेल. सुमारे आठशे मीटर उंचीवरचं हे पठार, त्यावर चार-साडेचार हजारांची वस्ती, आणि रुग्णवाहिका, ई-रिक्षा यांसारखे अपवाद सोडले तर रस्त्यावर माणसं, घोडे, हातगाड्या. 2003 साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला तेव्हा वाहनबंदी इथल्या लोकांच्या अंगवळणी कधीच पडली होती. मोटार नसलेलं गाव पायी बघायचं असतं, हे उघड आहे. तरीही पायी चालणाऱ्याची सोय लावणं हे काम या गावात अजून कुणाच्या यादीत वर आलेलं दिसत नाही. पाट्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं पॉइंटाचं नाव आणि बाण. किती वेळ लागेल, वाटेत पाणी आहे का, कड्याला कठडा आहे का, अंधार पडायच्या आत परतता येईल का, यांपैकी काही कळत नाही. वाट विचारायला माणूस भेटलाच तर बरं, नाहीतर आल्या पावली परत.

माथेरानचा इतिहासही पायीच सुरू होतो. मे 1850 मध्ये ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम खाली चौक गावाजवळ होता. समोरचा डोंगर बघून ते वारोशाच्या बाजूने ओढ्याच्या पात्रातून वर चढले, वन ट्री हिलपाशी पठारावर आले आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरले. पुस्तकात त्यांचं नाव माथेरान शोधणारे म्हणून येतं. पण ज्या वाटेने ते चढले आणि ज्या वाटेने उतरले, त्या दोन्ही वाटा डोंगरातल्या माणसांनी आधीच पाडलेल्या होत्या. या रानात लाकूडफाटा, मध, हिरडा गोळा करणाऱ्यांना माथ्याचा शोध लागायची गरजच नव्हती. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान, असा नावाचा अर्थ लोक सांगतात, तो खालून वर बघणाऱ्याचा आहे. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं, बंगले उठले, कड्याकड्याला इंग्रजी नावं लागली: लुईझा, शार्लोट, अलेक्झांडर, गार्बेट, पॉर्क्युपाइन. नावं नवी होती, पाऊलवाटा जुन्याच होत्या.

वन ट्री हिलची ही वाट आजही चालती आहे. सकाळी सातला बाजारातून निघालं तर तासाभराची रमतगमत चाल. पहिली दहा मिनिटं हॉटेलांच्या फाटकांवरून जातात आणि मग एकदम आवाज बंद होतो. पायाखाली जांभ्याची तांबडी माती, वर झाडांचं छप्पर. हे छप्पर बघण्यासारखं आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा यांचे शेंडे एकमेकांत इतके गुंतलेले की उन्हाचे फक्त रुपयाएवढे तुकडे वाटेवर पडतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट खोडालगत लगडतात. मान वर करून चालणाऱ्याला दिसतात, घाईत जाणाऱ्याला वाटेवरच्या निळ्या सड्यावरून कळतात. कुठेतरी वरून खडखडाट केल्यासारखा आवाज येतो. तो शेकरूचा. आपल्या राज्याचा प्राणी, पण राज्यातल्या बहुतेक मुलांनी तो पाठ्यपुस्तकाबाहेर बघितलेला नाही. इथे थांबून वर बघितलं तर उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा दिसतो. ते त्याचं घरटं. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. लांब शेपटीने तोल सांभाळत तो एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावतो तेव्हा छप्पर सलग असण्याचं महत्त्व डोळ्यांना दिसतं. मध्ये दोन झाडं पडली की शेकरूची वाट तुटते. त्याला जमिनीवर उतरावं लागतं आणि जमिनीवर कुत्री असतात.

रान संपतं ते थेट कड्यावर. समोर वन ट्री हिलचा सुटा सुळका, मधली घळ, आणि त्या घळीतून खाली उतरणारी वाट, जिला लोक शिवाजी लॅडर म्हणतात. दक्षिणेला मोरबे धरणाचं पाणी चमकतं, ज्यावर नवी मुंबईची तहान भागते. त्याच्या पलीकडे इर्शाळगड. या गडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबलं तेव्हा 27 मृतदेह हाती आले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. वाडीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. मदत करणारे जवान पावसात डोंगर चढून गेले. माथेरानच्या कड्यावर उभं राहून इर्शाळगडाचा फोटो काढणाऱ्याला हे माहीत असावं. डोंगर म्हणजे नुसता देखावा नाही, त्यावर माणसं राहतात, आणि पाऊसकाळात ती जीव मुठीत धरून राहतात, एवढी एक ओळ त्या पॉइंटच्या पाटीवर लिहायला काय हरकत आहे?

आता याच वाटांवर रोज भेटणाऱ्या बायकांकडे वळू. पायथ्याच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या या बायका पहाटे अंधारात निघतात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर पाटी किंवा मोळी. ऋतूप्रमाणे रानभाज्या, काकड्या, करवंदं, जांभळं, कधी सरपण. दीड-दोन तासांची खडी चढण. वरच्या टोकाला पोहोचल्या की पहिल्यांदा पाटी कुठेतरी टेकवायला जागा बघतात. ही जागा बघण्यासारखी असते: वाट पठाराला मिळते तिथे कमरेएवढा एखादा दगड असतो, त्याची वरची कड इतक्या वर्षांत गुळगुळीत झालेली असते. पाटी डोक्यावरून खाली जमिनीवर उतरवली तर पुन्हा चढवायला दुसरं माणूस लागतं. कमरेएवढ्या दगडावर टेकवली तर एकटीला उचलता येते. पर्यटक त्या दगडाच्या बाजूने निघून जातात. नकाशाबरोबर आणखी काही दिलं नाही तरी चालेल, पण या वाटांच्या माथ्यावर सावलीची एक जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि पाटी टेकवायला बांधलेला कट्टा नगरपरिषदेने द्यावा. ज्यांच्या पायांनी या वाटा जिवंत राहिल्या त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

माणसाने माणसाला ओढण्याचा प्रश्न या गावाने फार वर्षं अंगावर काढला. हातरिक्षा चढावर न्यायची तर एकाने ओढायची आणि दोघांनी मागून रेटायची, हे ज्याने बघितलं त्याला विसरता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांच्या पोटापाण्यासाठी ई-रिक्षांची योजना आखण्याचा आदेश दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तो देताना या प्रथेला अमानवी म्हटलं. हा निर्णय चांगला आहे, आणि त्याचं स्वागत हातचं न राखता करायला हवं. म्हातारी माणसं, शाळेत जाणारी मुलं, अडलेली बाळंतीण यांना ई-रिक्षा हवीच. फक्त एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवायला हवी: ई-रिक्षा दस्तुरी ते गाव एवढ्यापुरती, पॉइंटांच्या वाटांवर नाही. आज वीस, उद्या पन्नास, परवा पॅनोरमा पॉइंटपर्यंत, असा प्रवास इतर गिरिस्थानांनी केलेला आहे. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर मे महिन्यात गाड्यांच्या रांगेत जाणारा वेळ आणि कड्यावर उभं राहायला मिळणारा वेळ ज्याने मोजला आहे, त्याला याहून जास्त सांगावं लागणार नाही.

याच आदेशाला जोडून पेव्हर ब्लॉकचाही विषय आला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉकची मुभा मिळाली. आतल्या वाटांना नाही, आणि खाली काँक्रीटचा थर नको, असंही न्यायालयाने सांगितलं. मातीची धूप ही खरी अडचण आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. माथेरानचा पाऊस साधा नव्हे. दरवर्षी जांभ्याची माती लाल लोंढ्यासारखी वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. पण आतल्या वाटांना यावर जुनाच उपाय आहे: वाटेला आडवे टाकलेले जांभ्याच्या दगडांचे बांध, कडेला उतार धरून काढलेले पाण्याचे चर, आणि पावसाआधी त्या चरांतला पालापाचोळा काढणं. हे काम हाताचं आहे, दरवर्षीचं आहे, आणि गावातल्या माणसांना मजुरी देणारं आहे. घोड्यांच्या नालांनाही मातीच मानवते. ओल्या ब्लॉकवर घोडा घसरला की काय होतं हे अश्वपालांना विचारावं. त्यांच्याइतकं या रस्त्यांचं ज्ञान दुसऱ्या कुणाला नाही.

मिनीट्रेनविषयी लिहावं तितकं थोडं, पण तिचा कारभार रेल्वेकडे असल्यामुळे इथे थोडक्यात. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडील सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून, सोळा लाख रुपये घालून ही दोन फुटी लोहमार्गाची गाडी 1907 साली सुरू केली. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान: सुमारे 21 किलोमीटरची वळणं. 26 जुलै 2005 च्या पावसाने मार्ग वाहून गेला, 2007 मध्ये परत बांधला. 2016 मध्ये डबे घसरल्यामुळे सेवा थांबली, 2019 च्या पावसात पुन्हा मार्ग खचला आणि नेरळहून गाडी परत यायला ऑक्टोबर 2022 उजाडला. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या गाड्या जागतिक वारशात गेल्या. माथेरानची गाडी अजून संभाव्य यादीत आहे. नगरपरिषदेच्या हातातली गोष्ट एवढीच की गाडीने येणाऱ्यालाही तो नकाशा मिळावा. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिल्या वीस पावलांत, दलालाच्या आधी.

एका दिवसात काय होतं, काय होत नाही, हेही त्या कागदावर खरं खरं लिहावं. उत्तर टोकाचा पॅनोरमा पॉइंट बाजारातून जाऊन-येऊन तीन तास घेतो. तिथून खाली नेरळ आणि उल्हास नदीचं खोरं, समोर पेबचा किल्ला, त्याच्या पलीकडे चंदेरी आणि म्हसमाळचे सुळके एका नजरेत येतात. पहाटे धुकं खोऱ्यात साचलेलं असताना हा पॉइंट गाठावा, म्हणजे मुक्कामी माणसाने. सकाळच्या लोकलने येणाऱ्याला ते जमायचं नाही आणि तसं त्याला सांगावं. दिवसाभरासाठी आलेल्याने दक्षिण बाजू धरावी: रामबाग, अलेक्झांडर, चौक पॉइंट, वन ट्री हिल, आणि परतताना शार्लोट तलावाकाठी पिसारनाथाचं दर्शन. तलाव गावाला पाणी देतो, म्हणून त्यात पाय घालू नयेत, हेही लिहावं. ज्याला फक्त सूर्यास्त हवा आहे त्याने पॉर्क्युपाइनला जावं, प्रबळगडाच्या बाजूला सूर्य उतरताना बघावा, पण टॉर्च घेऊन, कारण परतीच्या वाटेवर झाडांखाली अंधार बाहेरच्यापेक्षा अर्धा तास आधी पडतो.

गार्बेटची गोष्ट वेगळी आहे. पूर्वेच्या अंगाला गेलेली ही लांब सोंड, पावसाळ्यात हिरवळीने भरलेली, खाली पाली-भूतिवलीचं धरण. भिवपुरीच्या बाजूने चढून येणाऱ्या तरुण मुलांचा ओघ वाढतो आहे, आणि जुलैच्या धुक्यात चार पावलांवरची कड दिसत नाही. पेबच्या किल्ल्याचंही तेच. कड्यावरच्या गणपतीपर्यंत रुळांच्या कडेने जाणारे लोक पुढे किल्ल्यावर उतरतात, शिड्या आहेत म्हणून बिनधास्त असतात, आणि दुपारी तीनला सुरुवात करतात. या दोन्ही ठिकाणी पायथ्याच्या वाड्यांतली मुलं वाटाडे म्हणून नेमावीत. त्यांना प्रथमोपचाराचं आणि दोराचं शिक्षण द्यावं, ओळखपत्र द्यावं आणि दर नगरपरिषदेने ठरवून पाटीवर लावावा. घोड्यांना परवाना आहे, तसाच वाटाड्यांनाही असावा. धुक्यात कड ओळखणारा मुलगा रोजगारासाठी खाली एखाद्या गोदामात जातो आणि वर अनोळखी माणूस कड्यावर एकटा असतो, हे बरोबर नाही.

नकाशावर आणखी एक खूण असावी, आणि ती पॉइंटाची नसावी. 1 डिसेंबर 1912 रोजी याच गावात एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल जन्मले. वकील झाले, याच नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, सावकारीत पिचलेल्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या बाजूने उभे राहिले. 1942 मध्ये आझाद दस्ता उभारून त्यांनी विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात, हिराजी पाटील यांच्यासह, पोलिसांच्या गोळीला बळी पडले. भाई कोतवालांच्या दस्त्याची सगळी हालचाल डोंगरातल्या पायवाटांवरून झाली. त्या वाटा ज्यांना माहीत होत्या ती माणसं त्यांच्याबरोबर होती. मुंबईहून येणाऱ्या दहातल्या नऊ पोरांना लुईझा आणि शार्लोट ही नावं जाताना पाठ झालेली असतात. भाईंचं नाव एकालाही ऐकायला मिळत नाही. पूर्वेच्या कुठल्याही पॉइंटावरून भीमाशंकरच्या रांगेकडे बोट दाखवून, सिद्धगड त्या बाजूला, एवढं सांगणारी पाटी लावायला किती खर्च येईल?

खर्चाचा विचार आपल्याला करावा लागतो, हे मान्य. म्हणून या पत्रात रोपवे, काचेचा पूल, कड्यावरची रोषणाई यांतलं काही मागितलेलं नाही. पावती छापावीच लागते, कागद लागतोच, फक्त दुसऱ्या बाजूला शाई लागेल. नकाशा काढायला बाहेरची संस्था नको. गावातल्या शाळेतली आठवी-नववीची मुलं, दोन अश्वपाल, वाडीवरून रोज चढणाऱ्या दोन बायका आणि एक जुना हमाल यांना एका टेबलाभोवती बसवावं. कुठे वाट फुटते, कुठे माकडं पिशवी ओढतात, कुठला झरा मार्चनंतर आटतो, कुठे पावसात पाय ठेवू नये, हे सगळं त्यांच्याकडे आहे. अंतर मीटरमध्ये नको, चालायच्या मिनिटांत हवं. आजीच्या चालीने आणि नातवाच्या चालीने, असे दोन आकडे असले तर फार उत्तम.

पावसाळा संपून नेरळची गाडी सुरू होते तेव्हा, दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर, दस्तुरीची रांग सगळ्यात लांब असते. त्याआधी दोन-तीन हजार पावत्यांवर हा नकाशा छापून बघावा. दस्तुरीवरच्या टॅक्सीवाल्यांना आणि हमालांना तो आधी दाखवावा. त्यांनी सांगितलेल्या चुका दुरुस्त कराव्यात आणि मग पुढची छपाई करावी. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पावती देताना ती उलटी करून द्यावी, नकाशाची बाजू वर.



आपला,
माथेरानच्या वाटांवरचा एक पायी प्रवासी